राष्ट्राचे वकील : मोतीलाल चिमणलाल सेटलवाड

देशाच्या सीमांचे रक्षण सैनिक करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सीमा कोठून जाते, शेजारी राष्ट्राचा दावा खरा की खोटा, आणि राष्ट्राच्या सुरक्षेसाठी नागरिकाचे स्वातंत्र्य कोठवर आवरता येते, हे प्रश्न न्यायासनासमोर सुटतात. तेथे राष्ट्राच्या वतीने उभे राहण्यासाठी एका वेगळ्या प्रकारच्या शूराची गरज असते. त्याच्या हाती शस्त्र नसते, असतो तो फक्त दप्तरांचा गठ्ठा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या तेरा वर्षांत हे काम ज्यांनी अखंडपणे केले, ते देशाचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल म्हणजेच महान्यायवादी श्री. मोतीलाल चिमणलाल सेटलवाड होत. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तरुण पिढीसमोर त्यांचा जीवनपट ठेवणे उचित ठरेल. सेटलवाड जैन नव्हते. परंतु प्रत्येक प्रश्नाला अनेक बाजू असतात आणि दुसऱ्याची बाजू समजून घेतल्याखेरीज सत्य हाती लागत नाही, ही जी अनेकांताची शिकवण आपण देरासरात ऐकतो, तिचे व्यवहारातील आचरण त्यांच्या जीवनात ठायी ठायी आढळते.

घराण्याचा वारसा

मोतीलाल यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८४ रोजी अहमदाबाद येथे झाला. त्यांचे वडील सर चिमणलाल हरिलाल सेटलवाड हे मुंबईतील नामांकित वकील. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले. राजकारणात ते नेमस्त मताचे होते. ब्रिटिश सरकारशी त्यांचे संबंध सलोख्याचे असत. असे असूनही त्यांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आला की ज्यामुळे त्यांचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने नि:शस्त्र जमावावर गोळीबार केला. त्याच्या चौकशीसाठी सरकारने लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर चिमणलाल तिचे एक सदस्य होते. नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोर येथे डायरची साक्ष झाली, तेव्हा चिमणलाल यांनी अत्यंत शांतपणे त्याला प्रश्न विचारले. बागेची वाट अरुंद नसती आणि चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या, तर त्यांवरील मशीनगनही आपण बहुधा चालविल्या असत्या, अशी कबुली डायरने त्यांच्याच प्रश्नाला उत्तर देताना दिली. आवाज न चढविता विचारलेल्या त्या एका प्रश्नाने जे साधले, ते शेकडो जळजळीत भाषणांनी साधले नसते. समितीतील तिन्ही भारतीय सदस्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि पंजाबातील लष्करी कायद्याच्या अंमलाचा कठोर शब्दांत निषेध केला.

त्या वेळी मोतीलाल पस्तीस वर्षांचे होते आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत होते. सुरक्षेच्या नावाखाली राज्यसत्ता काय करू शकते, आणि एक संयमी वकील तिला कसा जाब विचारू शकतो, याचा पाठ त्यांना घरातच मिळाला. पुढे नियतीने त्यांना नेमके दुसऱ्या बाजूला, म्हणजे राज्यसत्तेच्या बाजूला उभे केले. त्यांच्या जीवनातील खरी कसोटी हीच होती.

मुंबईतील उमेदवारी

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे ज्याला वकील मंडळी ओरिजिनल साइड म्हणतात तेथे, मोतीलाल यांची कारकीर्द घडली. व्यापारी पेढ्यांचे करार, भागीदारीचे तंटे, विश्वस्त निधींचे वाद अशी कामे तेथे चालत. थोर कायदेपंडित भुलाभाई देसाई यांचा सहवास त्यांना लाभला. १९६८ मध्ये भुलाभाईंचे चरित्र लिहून मोतीलाल यांनी तो ऋणानुबंध जपला. कामाचा कागद न् कागद वाचल्याशिवाय न्यायालयात पाऊल टाकायचे नाही आणि आवश्यकतेपेक्षा एक शब्दही अधिक बोलायचा नाही, ही त्यांची पद्धत याच काळात पक्की झाली.

१९३७ साली ते मुंबई प्रांताचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले. १९४२ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ होता. भारत संरक्षण कायद्याखालील नियमांचा आधार घेऊन सरकार कोणासही चौकशीविना डांबून ठेवीत होते. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा तो नियम अवैध ठरविला, तेव्हा सरकारने लागलीच वटहुकूम काढून ती त्रुटी बुजविली. या सर्व घडामोडींकडे मोतीलाल बारकाईने पाहत होते. १९४६ मध्ये त्यांचे युद्ध आणि नागरी स्वातंत्र्य या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. चार वर्षांनी हाच विषय त्यांच्यासमोर सरकारी वकील म्हणून येणार होता.

सीमारेषेच्या न्यायासनासमोर

१९४७ चा जुलै महिना. देशाची फाळणी निश्चित झाली होती. पंजाबची वाटणी कोठून करावयाची हे ठरविण्यासाठी सर सिरिल रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखाली सीमा आयोग नेमला गेला. लाहोरमध्ये आयोगाच्या सुनावण्या झाल्या. काँग्रेसची, म्हणजे पर्यायाने भावी भारताची बाजू मांडण्याचे काम मोतीलाल सेटलवाड यांच्यावर आले. मुस्लिम लीगच्या वतीने सर मुहम्मद झफरुल्ला खान उभे होते.

ज्या लाहोरात वडिलांनी डायरची साक्ष घेतली, त्याच लाहोरात अठ्ठावीस वर्षांनी पुत्र राष्ट्राच्या सीमेसाठी युक्तिवाद करीत होता. बाहेर शहर पेटलेले होते. आत लोकसंख्येचे तक्ते, कालव्यांचे नकाशे, जमिनीच्या मालकीचे दाखले, धर्मस्थळांच्या याद्या यांचा ढीग होता. तयारीस मिळाले ते अवघे काही दिवस. स्वतः रॅडक्लिफ सुनावणीस हजर नसत. त्यांच्याकडे कामकाजाची टिपणे रोज पाठविली जात. चार न्यायाधीश सदस्य दोन-दोन असे विभागले गेले आणि निर्णय एकट्या रॅडक्लिफ यांच्यावर येऊन पडला. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला. लाहोर पाकिस्तानात गेले. गुरदासपूर जिल्ह्याच्या चारपैकी तीन तहसिली भारतात आल्या, आणि पठाणकोटमार्गे जम्मूकडे जाणारी वाट भारताच्या हाती राहिली.

जानेवारी १९४८ मध्ये काश्मीरवरील आक्रमणाची तक्रार घेऊन भारताचे शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे गेले. श्री. गोपालस्वामी अय्यंगार त्याचे नेते होते. सेटलवाड सदस्य होते. पाकिस्तानच्या वतीने पुन्हा झफरुल्ला खानच समोर आले. भारताची तक्रार आक्रमणापुरती मर्यादित होती. परिषदेने तिला भारत-पाकिस्तान प्रश्न असे व्यापक रूप दिले आणि मूळ मुद्दा बाजूला पडला. कायद्याने बळकट असलेली बाजूसुद्धा मोठ्या राष्ट्रांच्या राजकारणापुढे कशी हतबल होते, याचा हा अनुभव कटू होता.

पहिले महान्यायवादी

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवसापासून सेटलवाड भारताचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल म्हणून काम पाहू लागले. घटनेच्या ७६ व्या अनुच्छेदाने हे पद निर्माण केले आहे. या पदावरील व्यक्तीला देशातील सर्व न्यायालयांत बाजू मांडण्याचा अधिकार असतो. संसदेत बोलता येते, मात्र मतदान करता येत नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅटर्नी जनरल हा सत्ताधारी पक्षाचा राजकीय सहकारी असतो. भारतात तसे नाही. येथे तो मंत्रिमंडळाचा सल्लागार असला तरी मंत्रिमंडळाचा घटक नसतो. पहिल्या माणसाने पदाला जे वळण लावले, तेच पुढे परंपरा बनते. सेटलवाड यांना याची पूर्ण जाणीव होती.

पद स्वीकारून महिना होतो न होतो तोच संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत केला. गृहमंत्री सरदार पटेल यांनी तो मांडला होता. तेलंगणात सशस्त्र उठाव चालू होता, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, आणि नवजात राष्ट्र टिकते की नाही अशी शंका परदेशात उघडपणे घेतली जात होती. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन हे १९४७ च्या डिसेंबरपासून मद्रास प्रांतात बंदिवासात होते. नव्या कायद्याखाली त्यांना पुन्हा स्थानबद्धतेचा हुकूम बजावण्यात आला. त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. त्यांच्या बाजूने एम. के. नंबियार होते, तर केंद्र सरकारच्या बाजूने सेटलवाड.

युद्धकाळातील नागरी स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणारा विधिज्ञ आता विनाचौकशी स्थानबद्धतेचे समर्थन करण्यास उभा होता. यात विसंगती नाही काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. सेटलवाड यांची भूमिका अशी होती की, घटनाकारांनी विचारपूर्वक काही शब्द निवडले आहेत आणि न्यायालयाने त्या शब्दांचा आदर केला पाहिजे. अमेरिकेच्या घटनेतील शब्दप्रयोग घटना समितीने टाळला आणि कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती एवढेच संरक्षण २१ व्या अनुच्छेदात दिले. स्थानबद्धतेचा कायदा करण्याचा अधिकारही घटनेनेच संसदेस दिला आहे. तेव्हा कायदा चांगला की वाईट हे संसदेने पाहावे, वैध की अवैध एवढेच न्यायालयाने पाहावे.

१९ मे १९५० रोजी निकाल लागला. सहा न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने कायदा वैध ठरविला. परंतु त्या कायद्याचे १४ वे कलम पीठाने घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालासुद्धा सांगण्यास त्या कलमाने मनाई केली होती. अटक कोणत्या कारणासाठी झाली हेच न्यायाधीशाला कळू द्यायचे नाही, तर न्याय व्हायचा कसा? सरकारचा विजय झाला खरा, पण बंदिस्त दाराला एक खिडकी राहिली. न्यायमूर्ती फजल अली यांनी अल्पमतात राहून स्वातंत्र्याचा जो व्यापक अर्थ लावला होता, त्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालय १९७० आणि १९७८ च्या निकालांत वळले. जो कायदा प्रथम सुमारे एका वर्षासाठी म्हणून आणला गेला, तो मुदतवाढ घेत घेत १९६९ अखेरपर्यंत चालू राहिला, हीदेखील या प्रकरणातील विचार करण्यासारखी नोंद आहे. तात्पुरती म्हणून घेतलेली सत्ता कोणतेही सरकार सहजासहजी परत करीत नाही.

त्याच मे महिन्यात सरकारला पराभवही पाहावा लागला. दिल्लीतील एका साप्ताहिकावर लादलेली प्रकाशनपूर्व तपासणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. या निकालांनंतर १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती झाली. न्यायालयाने चुकीचे म्हटले तर घटनेत सांगितलेल्या मार्गाने दुरुस्ती करावी, निकाल मात्र पाळावा, हा पायंडा त्या काळात पडला.

विश्वस्त संस्थांच्या दृष्टीने सेटलवाड यांच्या कार्यकाळातील आणखी एका निकालाचा उल्लेख येथे करावयास हवा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये झाला. त्याला पंचमहाल जिल्ह्यातील एका जैन देरासराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी आव्हान दिले. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्त संस्थांची नोंदणी आणि हिशेबतपासणी वैध मानली. मात्र धर्मादाय आयुक्तालाच धर्मसंस्थेचा विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद रद्द केली. राज्याचा अधिकार कोठे संपतो आणि श्रद्धेचे क्षेत्र कोठे सुरू होते, हे ठरविणारा हा निकाल आजही प्रत्येक ट्रस्टच्या कामकाजाचा पाया आहे.

हेगचा खटला

सेटलवाड यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयातील पोर्तुगालविरुद्धचा खटला. महाराष्ट्राशी आणि मराठ्यांच्या इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

दादरा आणि नगर हवेली हे दोन प्रदेश दमणच्या पोर्तुगीज अमलाखाली होते. चारी बाजूंनी भारतीय भूमी आणि मध्ये ही दोन बेटे. १९५४ च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केले. गोमंतकातील स्वातंत्र्यसैनिकांबरोबर पुण्या-मुंबईचे तरुणही त्यात होते. संगीतकार सुधीर फडके हे त्यांतीलच एक. दमणहून सैन्य पाठविण्यास भारताने पोर्तुगालला वाट दिली नाही.

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचे पत्र दिले आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा दाखल केला. आपल्या प्रदेशात जाण्यासाठी भारतातून वाट मिळण्याचा आपला हक्क आहे, असा त्याचा दावा होता. हा हक्क सैन्यासाठीही मान्य झाला असता, तर भारताच्या भूमीवरून परकीय सेनेला जाऊ देण्याची आपत्ती ओढवली असती. गोव्याच्या मुक्तीचा मार्गही त्यामुळे कठीण झाला असता.

भारताच्या बाजूने सेटलवाड यांच्याबरोबर इंग्लंडचे सर फ्रँक सॉस्किस, बेल्जियमचे हेन्री रोलँ, स्वित्झर्लंडचे पॉल गुगेनहाइम असे जगन्मान्य विधिज्ञ होते. भारताच्या वतीने खास न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महंमद करीम छागला बसले. आणि योगायोग असा की, न्यायालयाच्या उपाध्यक्षपदी १९५८ पासून झफरुल्ला खान होते. लाहोरात आणि सुरक्षा परिषदेत ज्यांच्याशी वाद घातला, तेच आता न्यायासनावर होते. सेटलवाड यांनी त्यांच्यासमोरही त्याच धीमेपणाने आणि मर्यादेने बाजू मांडली.

भारताने आधी न्यायालयाच्या अधिकारासंबंधी सहा प्राथमिक हरकती घेतल्या. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्यांतील चार फेटाळल्या गेल्या आणि दोन मुख्य सुनावणीसाठी राखून ठेवण्यात आल्या. मुख्य सुनावणी १९५९ मध्ये झाली. त्या वेळी सेटलवाड पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

वादाचे मूळ थेट पेशवाईत होते. १७७९ च्या पुणे तहाने मराठ्यांनी पोर्तुगीजांना वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे मान्य केले होते. पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावे दिली गेली. पोर्तुगालचे म्हणणे असे की, त्या तहाने या मुलखाचे सार्वभौमत्वच आपल्याकडे आले. भारताचे म्हणणे असे की, मराठ्यांनी दिला तो केवळ महसूल. जहागीर आणि सरंजाम या शब्दांचा अर्थ काय, यावर हेगच्या त्या भव्य वास्तूत युरोपातील पंडित खल करीत होते. मोडी दप्तरातील मजकूर आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरावा बनला होता. जमाखर्चाचा एखादा जुना कागद नीट जपून ठेवला तर किती काळानंतर कामास येतो, याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल जाहीर झाला. मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ महसुलाचे हक्क दिले होते, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पुढे ब्रिटिशांनी आणि त्यांच्यानंतर भारताने त्यांचा ताबा गृहीत धरला, असेही म्हटले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य मालासाठी वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांसाठी असा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा एका मताच्या फरकाने ठरले. आणि १९५४ मध्ये भारताने आपल्या कोणत्याही कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्णय नऊ विरुद्ध सहा मतांनी झाला.

एका मताने राष्ट्राची अब्रू राखली. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा आणि नगर हवेली भारतात विधिवत विलीन झाले आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

बेरुबारीचा धडा

हेगचा निकाल येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १४ मार्च १९६० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका सीमाप्रकरणी आपले मत दिले होते. १९५८ मध्ये पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात करार झाला. पश्चिम बंगालमधील बेरुबारी या भागाचा अर्धा हिस्सा पाकिस्तानला द्यावयाचा होता. हा वाद रॅडक्लिफ यांच्याच बंगालच्या निवाड्यातील संदिग्धतेतून उद्भवला होता. क्षेत्रफळ पावणेनऊ चौरस मैल, लोकसंख्या दहा-बारा हजार. बंगालमध्ये तीव्र असंतोष पसरला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला.

सेटलवाड यांनी सरकारची बाजू मांडली की, हा केवळ सीमा निश्चित करण्याचा प्रश्न असून सरकारला तो आपल्या अधिकारात सोडविता येईल. आठ न्यायमूर्तींनी एकमताने ते अमान्य केले. साताऱ्याचे सुपुत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ते मत लिहिले. भारताची भूमी दुसऱ्या राष्ट्रास द्यावयाची तर घटनादुरुस्तीच करावी लागेल, असे न्यायालयाने सांगितले. महान्यायवादी हरले, परंतु राष्ट्र जिंकले. कोणत्याही पंतप्रधानाला केवळ स्वाक्षरीने देशाचा एक इंचही देता येणार नाही, ही हमी त्या पराभवातून मिळाली. पुढे बेरुबारीचे हस्तांतर प्रत्यक्षात झाले नाही. १९७४ च्या भारत-बांगलादेश करारान्वये तो भाग भारतातच राहिला, आणि परस्परांच्या हद्दीतील वस्त्यांची अदलाबदल २०१५ मध्ये, घटनादुरुस्ती करूनच, पूर्ण झाली.

पदापेक्षा कर्तव्य मोठे

सरकारी वकील म्हणजे सरकारचा होयबा नव्हे, हे सेटलवाड यांनी वारंवार दाखवून दिले. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स खरेदी केले. विमाधारकांचा पैसा धोक्यात घातल्याचा प्रश्न फिरोज गांधी यांनी लोकसभेत उपस्थित केला. न्यायमूर्ती छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली. आयोगाला साहाय्य करण्याचे काम सेटलवाड यांच्याकडे होते. ते सरकारचेच विधी अधिकारी, आणि चौकशी सरकारच्याच अर्थमंत्र्यांच्या वर्तनाची. तरीही त्यांनी काहीही झाकून ठेवले नाही. अर्थ मंत्रालयाच्या कारभाराची जबाबदारी अंतिमतः मंत्र्याचीच, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सामान्य माणसाच्या ठेवीचा विश्वस्त कोण आणि त्याने जाब कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न प्रत्येक संस्थाचालकाने स्वतःला विचारावा असा आहे.

१९५५ ते १९५८ या काळात ते स्वतंत्र भारताच्या पहिल्या विधी आयोगाचेही अध्यक्ष होते. न्यायदानातील सुधारणांविषयीचा चौदावा अहवाल त्याच आयोगाचा. न्यायाधीशांच्या नेमणुकांत गुणवत्तेखेरीज इतर गोष्टींचा शिरकाव होतो आणि सत्ताधाऱ्यांचा प्रभाव पडतो, असे त्यात नि:संकोचपणे नमूद केले आहे. स्वतः सरकारी पदावर असताना सरकारविषयी असे लिहिणे, यासाठी केवळ विद्वत्ता पुरत नाही. १९५७ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९६० मध्ये इंग्लंडमधील प्रतिष्ठेची हॅमलिन व्याख्याने त्यांनी भारतातील कॉमन लॉ या विषयावर दिली. भारतीय वकील परिषदेचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

१९६३ च्या आरंभी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी मुंबईचेच चंद्रकिसन दफ्तरी आले. गांधी हत्येच्या खटल्यात त्यांनीच सरकार पक्षाचे नेतृत्व केले होते. तेरा वर्षांचा सेटलवाड यांचा कार्यकाळ पुढे कोणत्याही महान्यायवाद्याला लाभला नाही.

सायंकाळ

चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी पुकारलेली आणीबाणी लढाई थांबल्यावरही उठविली गेली नाही. ती १९६८ पर्यंत चालू राहिली. पदाच्या बंधनातून मुक्त झालेल्या सेटलवाड यांनी याला जाहीरपणे विरोध दर्शविला. १९५० साली ज्यांनी स्थानबद्धतेच्या कायद्याचे समर्थन केले, त्यांनीच आता सत्तेच्या या लांबलेल्या अतिरेकावर बोट ठेवले. वरवर पाहता हा मतबदल वाटतो. परंतु संकट खरे असताना राज्याच्या हाती अधिकार हवा आणि संकट टळल्यावर तो परत केला गेला पाहिजे, हे एकाच विचाराचे दोन भाग आहेत. १९६६ मध्ये ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य झाले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्रही लिहिले.

१ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, या थोर विधिज्ञाने जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोर्तुगालने भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. हेगमध्ये लढलेल्या वादावर अशा रीतीने पडदा पडला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, जून १९७५ मध्ये, देशात अंतर्गत आणीबाणी आली आणि स्वातंत्र्य व सुरक्षा यांचा तोच जुना प्रश्न अधिक उग्र रूपात उभा राहिला. तो प्रश्न प्रत्येक पिढीसमोर नव्याने येतो आणि प्रत्येक पिढीला त्याचे उत्तर स्वतःच शोधावे लागते.

सेटलवाड यांच्या जीवनातून आपण काय घ्यावे? आपण ज्याची बाजू मांडतो त्याच्याशी एकनिष्ठ राहावे, परंतु सत्याहून त्याला मोठे मानू नये. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतकेच नीट समजून घ्यावे. वाणीत संयम असावा, कारण शांत शब्दाला वजन असते. पराभव झाला तर तो निकाल म्हणून स्वीकारावा. आणि जे पद आपल्याकडे आले आहे, ते आपले नसून सोपविलेले आहे, हे कधी विसरू नये. विश्वस्त या शब्दाचा याहून वेगळा अर्थ नाही. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या विश्वस्तवृत्तीच्या राष्ट्रसेवकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.